आधी कुणाचा रिपोर्ट आला

सोमवार, ६ जानेवारी २०२५

केसपेपरच्या खिडकीपासूनची रांग आज माझ्या समुपदेशनाच्या खोलीच्या दारापर्यंत आली होती. त्या रांगेतून एक मुलगा आत आला. दार लावू का, असं विचारलं आणि उभाच राहिला. तेवीस-चोवीसचा असेल. बस म्हटल्यावर मोबाइल पुढे केला. खाजगी लॅबवाल्यांनी घरी येऊन रक्त नेलेलं आणि रिपोर्ट व्हॉट्सॲपवर पाठवलेला. पानंच्या पानं. त्यात एक ओळ ठळक अक्षरांत: हर्पिस सिम्प्लेक्स एक, आयजीजी, पॉझिटिव्ह. त्या ओळीने त्याची झोप घालवली होती.

ही ओळ घेऊन माझ्याकडे बरेच जण येतात. हर्पिस एक हा विषाणू पुष्कळांना लहानपणीच गाठतो, घरातली माणसं बाळाचे पापे घेतात त्यातूनसुद्धा. तापानंतर ओठाच्या कडेला पाण्याने भरलेले बारीक फोड येतात, ते त्याचेच. आयजीजी पॉझिटिव्ह म्हणजे शरीराची आणि त्या विषाणूची कधीतरी गाठ पडली होती, एवढंच. कधी, कुठे, कुणाकडून, यातलं काहीही ती ओळ सांगत नाही. आयजीएमचा आकडा तर त्याहून फसवा. अंगावर फोड नाही, जखम नाही, अशा माणसाची ही तपासणी करूच नये असं माझं मत आहे. पॅकेजमध्ये आहे म्हणून ती केली जाते आणि पीडीएफ मिळालेला माणूस रात्रभर एकटा तिच्याकडे बघत बसतो.

मी त्याला दुसऱ्या पानावर नेलं. एचआयव्ही, नॉन-रिॲक्टिव्ह. हे पान बघून तो सुटलो म्हणून पुढे गेला होता. संबंध कधी आला होता, विचारलं. पंचवीस डिसेंबरला. रक्त कधी दिलं? दोन जानेवारीला. म्हणजे आठवा दिवस. आठ दिवसांत शरीर अँटिबॉडी तयार करत नाही, त्यामुळे हा निगेटिव्ह रिपोर्ट पंचवीस तारखेच्या आधीच्या आयुष्याबद्दल बोलतोय, त्या रात्रीबद्दल नाही. अँटिजेन आणि अँटिबॉडी दोन्ही बघणारी लॅबमधली चौथ्या पिढीची तपासणी असेल तर पंचेचाळीस दिवस, आमच्याकडच्या, बोटातल्या रक्तावरच्या किटसाठी तीन महिने. दोन तारखा कागदावर लिहून दिल्या: ८ फेब्रुवारी आणि २५ मार्च. सिफिलिसचंही मार्चमध्ये पुन्हा बघू. तोवर निरोध, आणि कुणी कितीही आग्रह केला तरी रक्तदान नाही.

बहात्तर तासांच्या आत आला असता तर एचआयव्ही टाळणाऱ्या अठ्ठावीस दिवसांच्या गोळ्या सुरू करता आल्या असत्या. ती वेळ निघून गेली होती. तरी त्याला ते सांगितलं, मित्रांनाही सांग म्हटलं. गावातल्या मुलांना गर्भनिरोधकाच्या बहात्तर तासांच्या गोळीची जाहिरात पाठ असते, ही दुसरी सोय मात्र कुणाला ठाऊक नसते.

बुधवार, ८ जानेवारी

बुधवार गरोदर बायकांचा. आशाताई कारखान्याच्या तळावरच्या कोप्यांतून काही जणींना घेऊन आल्या. ऊसतोडीच्या बायका दिवस बुडवून येतात, म्हणून त्यांना आधी आत घेते.

बोटातल्या थेंबभर रक्तावर एचआयव्ही आणि सिफिलिस एकाच किटवर कळतात. बीड जिल्ह्यातली एक, वय बावीस सांगते, पाचवा महिना. कंट्रोलची रेघ उमटली. एचआयव्हीची जागा कोरी. सिफिलिसच्या जागी रेघ.

गरोदर बाईच्या किटवर ही रेघ आली की पुढच्या रिपोर्टची वाट बघत दिवस घालवायचा नाही. सिफिलिसच्या आरपीआर तपासणीसाठी रक्त काढून घ्यायचं आणि त्याच दिवशी पहिलं इंजेक्शन. बेंझाथिन पेनिसिलिन, चोवीस लाख युनिट, दोन्ही बाजूंना अर्धं-अर्धं. आजार कधीचा हे माहीत नसेल तर आठवड्याला एक अशी तीन. पोटातल्या बाळापर्यंत पोचणारं आणि त्याला बरं करणारं खात्रीचं औषध एवढंच आहे. दुसऱ्या गोळ्यांनी आई बरी झाली तरी बाळाची हमी देता येत नाही.

मी बोलत होते आणि ती टेबलाच्या कडेवरून बोट फिरवत होती. मग म्हणाली, “मागचं सातव्या महिन्यात पोटातच गेलं, मॅडम. मुलगा व्हता. सासू म्हनली, गिराणात कोयता धरला तू.”

त्या वेळी रक्त तपासलं होतं का? नाही. गावाकडे एकदा दाखवलं होतं, मग सगळे तोडीला आले. उपचार न झालेल्या सिफिलिसमध्ये बाळ पोटातच दगावतं, दिवस भरण्याआधी बाळंतपण होतं, जन्मलेल्या बाळाच्या हाडांत, डोळ्यांत, कानांत आजार राहतो. मागच्या बाळाचं हेच झालं असं मी छातीठोकपणे म्हणू शकत नाही. तिला सांगितलं की ग्रहणाने बाळ जात नाही, कोयता धरल्यानेही नाही. या आजाराने जाऊ शकतं, आणि या खेपेला आपल्याला तो वेळेत सापडलाय. ती रडली. जाऊ बाहेर होती, तिला ऐकू जाईल म्हणून तोंडात पदर धरून रडली.

जावेने विचारलंच, कसलं सुई-पाणी. बाळासाठीचं इंजेक्शन आहे, अजून दोन घ्यायची आहेत, असं सांगितलं. यात खोटं काही नाही, आणि तिच्या कागदावर काय आहे हे कुणाला सांगायचं ते तिने ठरवायचं.

शुक्रवार, १० जानेवारी

बीडच्या तिचा आरपीआर १:१६ आला. रक्त दुप्पट-दुप्पट पातळ करत जातात आणि कितव्या पायरीपर्यंत गुठळ्या दिसतात ते बघतात. सोळापट पातळ केल्यावरही दिसल्या म्हणून १:१६. आजचा हा आकडा जपून ठेवायला हवा, कारण बरं वाटतंय की नाही यावरून या आजारात काहीच ठरत नाही. हाच आकडा इलाजानंतर चौपट खाली यायला हवा, म्हणजे १:४ किंवा त्याहून कमी. पुन्हा चौपट चढला तर आजार नव्याने लागलाय किंवा इलाज पुरा पडलेला नाही.

नवऱ्यालाही आज बोलावलं होतं. मुकादमाला काय सांगू, हा त्याचा पहिला प्रश्न. त्याचं किट रिॲक्टिव्ह, आरपीआर दुपारी लॅबमधून आणला, १:३२. तो खुर्चीत पुढे सरकून म्हणाला, “तिचा रिपोट आधी आला. मंजी तिच्याकडूनच मला आलं ना?”

हे वाक्य या खोलीत मी वर्षानुवर्षं ऐकतेय आणि दर वेळी माझ्या पोटात गोळा येतो. बाईचं रक्त आधी तपासलं जातं कारण ती गरोदर राहते. पुरुषाचं रक्त अमुक वेळी तपासायचंच, असं कुठे ठरलेलं नाही. तिचा कागद आधी आला, याचा अर्थ तिला सुई आधी टोचली गेली, एवढाच. आणि त्याचा आकडा मोठा आहे म्हणून त्याच्याकडून तिला, असंही मला म्हणता येत नाही. आजाराच्या सुरुवातीच्या काळात आकडा चढतो आणि नंतर काही न करताही उतरत जातो. कुणाकडून कुणाला, हे दोन्ही कागद शेजारी ठेवले तरी वाचता येत नाही. मी त्याला हे सगळं याच शब्दांत सांगितलं.

मग विचारलं, मागे कधी खाली फोड, चट्टा, जखम झाली होती? दुखत नव्हती, आपोआप भरली, अशी? बायको बाहेर असताना त्याने मान हलवली. दोन वर्षांपूर्वी, दुसऱ्या कारखान्यावर असताना. मेडिकलवाल्याने मलम दिलं, चार आठवड्यांत गेलं, मग कशाला डॉक्टर. सिफिलिसची पहिली जखम अशीच असते. दुखत नाही म्हणून माणूस फसतो, आणि जखम गेली तरी आजार आत राहतो.

डॉक्टरांनी त्यालाही तीन इंजेक्शनं लिहून दिली, पहिलं आजच. दोघांची पुरी होईपर्यंत संबंध नको, नाहीतर एकाचं दुसऱ्याला फिरत राहील. त्या चट्ट्याबद्दल मी बायकोला बोलणार नाही, ते त्याने सांगायचं. पण तिच्यावर हात उचललास तर मी गप्प बसणार नाही, हेही सांगितलं.

मंगळवार, १४ जानेवारी

संक्रांत, ओपीडी रिकामी. टेक्निशियन भाऊंनी आणि मी किटच्या एक्स्पायरीच्या तारखा बघितल्या. नव्या नर्सिंगच्या मुलीला भाऊ शिकवत होते ते ऐकण्यासारखं होतं. किटवर लिहिलेल्या वेळेतच वाचायचं. तासाभराने अस्पष्ट रेघ उमटली म्हणून कुणाला बोलवायला धावायचं नाही, आणि कंट्रोलची रेघच नसेल तर ते किट टाकून नवं घ्यायचं. हल्ली लोक दुकानातून किट आणून घरी करतात आणि दुसऱ्या दिवशी फोटो पाठवतात. फोटोवरून मी काही सांगत नाही. इथे या म्हणते.

बुधवार, १५ जानेवारी

ऊसतोडीच्या त्या गरोदर बाईचं दुसरं इंजेक्शन झालं. पहिल्या रात्री तिला सडकून ताप आला होता, हुडहुडी भरली होती. कोपीवर सगळ्यांनी सुई बाधली म्हणून पुढचं घेऊ नको असं सांगितलं होतं. पहिल्या डोसाने जंतू एकदम मरतात तेव्हा दिवसभर असा ताप येऊ शकतो. हे तिला आठ तारखेला सांगून ठेवलं होतं, म्हणूनच ती आज आली. बाळाची हालचाल नीट आहे, सिस्टरांनी ठोके बघितले.

शुक्रवार, १७ जानेवारी

ट्रकवर चालक, चाळिशीचा. क्षयासाठी थुंकी तपासायला आला होता, तिथून इकडे पाठवला. पहिलं किट रिॲक्टिव्ह. एका किटवर आम्ही कुणालाही एचआयव्ही आहे असं म्हणत नाही. त्याच रक्तावर दुसरं, मग तिसरं, वेगवेगळ्या पद्धतीने काम करणारी. तिन्ही रिॲक्टिव्ह आली की मगच निदान. त्याची तिन्ही आली.

हे सांगितल्यानंतर पहिली काही मिनिटं माणसाच्या कानावर शब्द पडतात, आत जात नाहीत. म्हणून मी त्या मिनिटांत माहिती देत नाही. पाणी देते, बसते. त्याने जे विचारलं ते बहुतेक सगळे विचारतात: किती वर्षं राहिली?

हिंदुस्थानात एचआयव्हीचे पहिले रुग्ण १९८६ साली चेन्नईत सापडले. सरकारी एआरटी केंद्रांत मोफत औषध २००४ पासून मिळायला लागलं. पण पुढे कित्येक वर्षं रक्तातल्या सीडी-फोर पेशी अमुक आकड्याखाली आल्याशिवाय गोळ्या सुरू करत नसत. आजारी पडेपर्यंत थांबायला लावायचो आपण माणसांना. २०१७ पासून तसं राहिलं नाही. निदान झालं की गोळ्या, सीडी-फोर कितीही असो. आता बहुतेकांना रोज एकच गोळी असते, तीन औषधं एकत्र असलेली. त्याच्या प्रश्नाला मी हे उत्तर दिलं: गोळी रोज घेतलीस तर मुलांची लग्नं बघशील, नातवंडं खेळवशील. हे मी धीर द्यायला म्हणत नाही. बारा-पंधरा वर्षं गोळ्या घेणारी माणसं या बाकावर बसून गप्पा मारतात, त्यांच्याकडे बघून म्हणते.

क्षयाचा रिपोर्ट आधी बघावा लागेल, क्षय असेल तर त्याची औषधं आधी आणि एआरटी थोड्या दिवसांनी. सहा महिन्यांनी व्हायरल लोड, म्हणजे रक्तातल्या विषाणूचा आकडा. तो सापडतच नाही इतका खाली गेला आणि तसाच राहिला, तर शरीरसंबंधातून जोडीदाराला एचआयव्ही जात नाही. हे ऐकून त्याने पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं.

बायकोला सांगायचं कसं, हे पुढचं. २०१७ चा कायदा आहे, १० सप्टेंबर २०१८ पासून लागू. त्याच्या लेखी संमतीशिवाय त्याचा रिपोर्ट मालकाला, भावाला, गावाला कळवता येत नाही. मालकाने एवढ्याच कारणावरून कामावरून काढणंही बेकायदा. जोडीदाराच्या बाबतीत मात्र कायद्याने थोडी वाट ठेवली आहे. समजावूनही तो सांगणार नसेल आणि तिला खराच धोका असेल, तर त्याला आधी कळवून, तिला समोर बसवून समुपदेशकाला सांगता येतं. मला ती वाट आजवर क्वचितच लागली. वेळ दिला की माणसं स्वतः सांगतात. सोमवारी दोघं येतो म्हणाला. १०९७ हा नंबरही दिला, रात्री मन सैरभैर झालं तर बोलायला.

सोमवार, २० जानेवारी

ट्रकचालक आणि त्याची बायको, दोघं आली. तिचा निगेटिव्ह. त्याला खरं वाटेना, सोळा वर्षांचा संसार आहे म्हणाला. दर संबंधात विषाणू जातोच असं नाही, हे लोकांना पटवणं फार जड जातं. तिचा तीन महिन्यांनी पुन्हा करायचा. निगेटिव्ह आला म्हणजे तिला होतच नाही, असा अर्थ काढायचा नाही. ती सगळं ऐकून म्हणाली, गोळी घ्यायची वेळ मी सांभाळीन. त्याच्या थुंकीत क्षय निघाला नाही.

मंगळवार, २१ जानेवारी

सत्तरीचे काका, मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधीच्या तपासण्यांत सिफिलिसचा टीपीएचए पॉझिटिव्ह. मुलगा सोबत, चेहरा पडलेला. मुलाला बाहेर बसवलं. काका एकदम मोकळे झाले: तरुणपणी गरमी झाली होती, मिरजेला जाऊन इंजेक्शनं घेतली होती, सगळी पुरी केली होती. आरपीआरच्याच जातीचा व्हीडीआरएल नॉन-रिॲक्टिव्ह. टीपीएचए बहुतेकांत जन्मभर पॉझिटिव्ह राहतो, दंडावरच्या देवीच्या लसीच्या वणासारखा. इलाज पुरा झालाय आणि नंतर नवा धोका नाही, तर काही करायचं नाही. डॉक्टरांनी तपासून तसं लिहून दिलं. काकांनी विचारलं, पोराला काय सांगू? म्हटलं, सांगा जुना वण आहे, ऑपरेशनला हरकत नाही.

गुरुवार, २३ जानेवारी

काल ऊसतोडीच्या त्या गरोदर बाईचं तिसरं इंजेक्शन होतं आणि ती आली नाही. संध्याकाळपर्यंत दाराकडे बघत होते. गरोदरपणात दोन डोसांमधलं अंतर नऊ दिवसांच्या वर गेलं की पुन्हा पहिल्यापासून तीन द्यावी लागतात. फोन नवऱ्याकडे असतो, तो बंद. टोळी दुसऱ्या फडावर हलली होती, कुठे ते मुकादमालाच ठाऊक, आणि मुकादमाला मी कशासाठी म्हणून विचारू?

आशाताईंनी वाट काढली. सकाळी दुचाकीवर गेल्या, सगळ्याच गरोदर बायकांचं रक्त आणि वजन बघायचंय म्हणून तीन टोळ्या पालथ्या घातल्या आणि तिघींना घेऊन आल्या. त्यात ही. पहाटे चारला मोळ्या बांधायला गेली होती, हात उसाच्या पाचटाने कापलेले. आठव्या दिवशी तिसरं इंजेक्शन झालं. आज मला मोठ्याने हसू आलं, आशाताईंनाही.

नवऱ्याची दोन झालीत, तिसरं उद्या. त्याने चट्ट्याचं बायकोला सांगितलं, असं तिनेच मला सांगितलं. काय बोलणं झालं ते मी विचारलं नाही.

शुक्रवार, ३१ जानेवारी

आज सगळ्या बायकाच. अंगावरून पांढरं जातंय, खाजतंय, कंबर दुखतेय. दर पांढरं जाणं हा संसर्ग नसतो, आणि दर संसर्ग नवऱ्याकडून आलेला नसतो. बुरशी, योनीतल्या जंतूंचा बिघडलेला तोल, हे बाहेरून येत नाहीत. लघवीच्या रिपोर्टात पू-पेशी दिसल्या म्हणून परमा झाला असंही नाही. डॉक्टर तपासून आमच्याकडची रंगांची किटं देतात: पांढऱ्या पाण्याला हिरवं, गर्भमुखातून स्राव असेल तर राखाडी. राखाडी दिलं की नवऱ्यालाही देतो, आणि तिथेच अडतं. तो येत नाही.

डॉ. राणी बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गडचिरोलीच्या दोन गावांतल्या ६५० बायका तपासल्या, तो अभ्यास १९८९ साली लॅन्सेटमध्ये आला. ९२ टक्के बायकांना स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार निघाला, आणि त्याआधी कुणी तपासलेल्या होत्या फक्त ८ टक्के. मी नोकरीला लागले तेव्हा हे वाचलं होतं. आजही बाई आत येते, वही बघते, पंखा बघते, आणि उठता उठता दाराशी मूळ दुखणं सांगते.

एकीचा एचपीव्ही पॉझिटिव्ह. कॅन्सर झाला म्हणून दागिने कुणाला द्यायचे ते ठरवून आली होती. एचपीव्ही म्हणजे कॅन्सर नव्हे. बहुतेकांत तो वर्ष-दोन वर्षांत आपोआप जातो. १६ आणि १८ हे प्रकार बरीच वर्षं टिकले तर गर्भाशयमुखाच्या पेशी बिघडू शकतात, आणि तिथून कॅन्सर व्हायला पुन्हा बराच काळ जातो. आता पुढची पायरी म्हणजे दुर्बिणीतून गर्भमुख बघणं. तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात बार्शीच्या कॅन्सर हॉस्पिटलच्या मदतीने लाखाच्या वर बायकांवर मोठा अभ्यास झाला, २००९ साली छापून आला. एकदाच एचपीव्ही तपासणी करून पुढचा इलाज केला तरी या कॅन्सरचे मृत्यू निम्म्यावर आले. तिला सांगितलं, आपल्याच शेजारच्या जिल्ह्यातल्या बायकांनी हे जगाला दाखवून दिलंय. कॉल्पोस्कोपीची तारीख घेतली.

सोमवार, १० फेब्रुवारी

नाताळवाल्या मुलाने शनिवारी रक्त दिलं होतं. चौथ्या पिढीची तपासणी, पंचेचाळिसावा दिवस, नॉन-रिॲक्टिव्ह. हा रिपोर्ट आता त्या रात्रीबद्दल बोलतो. सिफिलिससाठी मार्चमध्ये यायचंच आहे. हिपॅटायटिस बी निगेटिव्ह, लस घेतलेली नाही. शून्य, एक आणि सहा महिने असे तीन डोस, पहिला आजच देऊन टाकला.

शुक्रवार, २८ फेब्रुवारी

कारखान्याचा पट्टा पडतोय. ऊसतोडीची ती आणि तिचा नवरा उद्या ट्रॅक्टरने गावी निघणार. इंजेक्शनं दोघांची पुरी झालीत. प्रसूतीच्या आधी किमान एक महिना इलाज सुरू झालेला असावा लागतो, तिचा चार महिने आधी झालाय.

तिच्या तालुक्यातल्या केंद्रावरच्या समुपदेशक ताईंशी सकाळी फोनवर बोलले, आणि तिच्याजवळ चिठ्ठी दिली. त्यात लिहिलं: उपचाराच्या तारखा ८, १५, २३ जानेवारी. उपचाराआधीचा आरपीआर १:१६, पतीचा १:३२, त्याचाही उपचार पूर्ण. एप्रिलमध्ये दोघांचा आरपीआर, पुन्हा बाळंतपणाच्या वेळी तिचा, पुढे सहा महिन्यांनी आणि वर्षाने दोघांचा. बाळंतपण घरी नको. जन्मल्यावर बाळाची तपासणी आणि आरपीआर. आईच्या अँटिबॉडी नाळेतून बाळात जातात, त्यामुळे बाळाचा रिॲक्टिव्ह आला म्हणून घाबरवू नये, आकडा आईच्या आकड्याच्या किती पट आहे ते बघावं. शेवटी लिहिलं की मागचं बाळ सातव्या महिन्यात गेलंय, हिला दारात थांबवू नका, आधी आत घ्या.